‘ग्रुपवर राजकारण नको’ म्हणणाऱ्या आमच्या तालुक्यातल्या सगळ्या अ‍ॅडमिनना

अ‍ॅडमिन मंडळींनो,

नमस्कार. तुमच्यातल्या निम्म्या जणांना मी चौथीपर्यंत शिकवलंय, उरलेल्यांच्या थोरल्या भावाला नाहीतर बहिणीला शिकवलंय, त्यामुळं मधेच कुठं अरेतुरे आलं तर राग मानू नका, इतक्या वर्षांची सवय आहे. मी २०२१ ला रिटायर झाले, गाव मंगळवेढा तालुक्यातलं, आणि आज मी अकरा ग्रुपमधे आहे. गावाचा, भावकीचा, बचत गटाचा, दूध डेअरीचा, सप्ताहाचा, पेन्शनरांचा, माझ्या जुन्या वर्गांतल्या पोरांनी काढलेले तीन, आणि आणखी दोन आहेत ते कुणी काढले, माझा नंबर त्यांना कुणी दिला ते मला अजून कळलेलं नाही, निवडणूक आली की तेच दोन दिवसरात्र वाजत असतात.

हे पत्र तुमच्यापैकी एकाच्या नावानं लिहिता आलं असतं, पण तसं केलं की सगळी चर्चा त्या एका पोरावर जाईल आणि मुद्दा बाजूला राहील, म्हणून सगळ्यांना लिहितेय. आणि पक्षाचं नावही जिथं घटना माझ्या गावातली आहे तिथं घेत नाही, कारण नाव घेतलं की निम्मे जण तिथंच वाचायचं थांबवतील.

१९ नोव्हेंबर २०२४, मंगळवार, संध्याकाळची सातची वेळ. दुसऱ्या दिवशी विधानसभेचं मतदान. आमच्या गल्लीतली एक जण, पन्नाशीची, ज्वारीच्या खुरपणीला रोजानं जाते, ती माझ्या ओट्यावर आली. हातात बीएलओनं, म्हणजे मतदार यादीचं काम बघणाऱ्या माणसानं, दिलेली मतदार चिठ्ठी होती, चार घड्या घातलेली. म्हणली, बाई, उद्या मी न्हाई जात मत द्यायला. मी म्हटलं का गं. तर म्हणली, मशीनमधनं चिठ्ठी पडती न्हाई का, ती मागनं बँकेत जाती म्हणं, दुसऱ्याला मत दिलेलं दिसलं की पंधराशे बंद.

लाडकी बहीण योजनेचे पंधराशे. तिच्या घरात ते पंधराशे म्हणजे गॅसची टाकी आणि सासूच्या बीपीच्या गोळ्या, हे मला माहितीय कारण गोळ्या आणायला ती माझ्याच मुलाला सांगते.

मी तिला म्हटलं तुला हे कुणी सांगितलं. तिनं पोराचा फोन आणला, बचत गटाच्या ग्रुपवर आलेला आवाजातला मेसेज होता, मी तीनदा ऐकला. बाईचा आवाज, एकदम मऊ, सारखं ‘ताई’ ‘ताई’, सुरुवातीलाच ‘ही सरकारी माहिती आहे, सगळ्या बहिणींपर्यंत पोचवा’. वर ते दोन बाण होते, म्हणजे बऱ्याच हातांतून फिरत फिरत आलेला. कुणी रेकॉर्ड केला, कुठल्या गावात केला, काहीच पत्ता नाही.

मी इलेक्शन ड्युटी पंचवीस वर्षं केलीय. मी तिला ओट्यावर बसवून सांगितलं की ती चिठ्ठी काचेआड सात सेकंद दिसते आणि खाली सीलबंद पेटीत पडते, त्यावर फक्त उमेदवाराचा नंबर, नाव, चिन्ह असतं, तुझं नाव नसतं, तुझा आधार नंबर नसतो, ती पेटी बँकेत जात नाही. प्रत्येक केंद्रावर कुणाला किती मतं पडली तो एकूण आकडा निकालानंतर कळतो, ते खरंय, पण त्यातलं तुझं कुठलं ते कुणालाच काढता येत नाही. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणली, बाई, तुम्ही म्हणताय ते खरं असंल, पण उद्या माझं पंधराशे गेलं तर तुम्ही देणार का?

माझ्याकडं याला उत्तर नव्हतं. अजूनही नाही.

मी आत गेले, चष्मा लावला, आणि त्याच ग्रुपवर चार ओळी लिहिल्या. कुठल्या पक्षाचं नाव नाही, कुणाला मत द्या नाही, फक्त मत गुप्त असतं, चिठ्ठी कुठंही जात नाही, मी स्वतः केंद्रावर काम केलंय, शंका असेल तर मला फोन करा, एवढंच. दहा मिनिटांत मेसेज गायब. ‘अ‍ॅडमिनने हा मेसेज डिलीट केला’ अशी ओळ राहिली आणि मला पर्सनलवर आलं, ‘बाई, ग्रुपवर राजकारण नको, समजून घ्या.’ मग ग्रुप बंद, फक्त अ‍ॅडमिन मेसेज टाकू शकतील असं सेटिंग, मतदान होईपर्यंत. ज्याची बायको या गटाची अध्यक्ष आहे आणि जो तिच्या नावानं ग्रुप चालवतो तो माझा विद्यार्थी, स्वभावानं अतिशय चांगला, लॉकडाऊनमधे गावात किराणा घरपोच केलेला पोरगा. त्याला वाटलं आपण वाद टाळला. आणि तीनशेच्या वर बायकांच्या त्या ग्रुपवर मतदानाच्या आदल्या रात्री माझ्या पुसलेल्या ओळींच्या वर तो मऊ आवाजातला मेसेज तसाच राहिला, अधिकृत माहिती असल्यासारखा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मतदानाला निघाले तेव्हा ती डोक्याला टॉवेल गुंडाळून खुरपं घेऊन शेताकडं चालली होती. संध्याकाळी तिच्या बोटाला शाई नव्हती.

आता मला जे म्हणायचंय ते हे. तुमचा ‘राजकारण नको’ हा नियम मी वर्षभर नीट बघतेय आणि तो कधी लागतो ते माझ्या लक्षात आलंय. खोटा मेसेज येतो तेव्हा तो राजकारण म्हणून येतच नाही, तो ‘जनहितार्थ’ येतो, ‘महत्त्वाची सूचना’ म्हणून येतो, ‘डॉक्टरांनी सांगितलंय’, ‘कलेक्टर ऑफिसमधून आलंय’ असा येतो, तेव्हा कुणी थांबवत नाही. कुणीतरी म्हणतं की हे खरं नाही, आणि त्या क्षणी ते राजकारण होतं. म्हणजे नियम एकच पण लागतो फक्त दुरुस्तीला. तुम्ही मुद्दाम करता असं मी म्हणत नाही, मुद्दाम करणारे थोडे आहेत, बाकी सगळे भांडण नको म्हणून करता. पण परिणाम तोच होतो.

याआधीचं एक सांगते. १८ एप्रिल २०१९, लोकसभा, माझी ड्युटी दुसऱ्या तालुक्यात एका झेडपी शाळेत होती, मतदान अधिकारी क्रमांक एक, म्हणजे यादीत नाव शोधून मोठ्यानं वाचायचं काम. साडेअकराच्या सुमाराला एक माणूस आला, उसाच्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हर, ऊन डोक्यावर, सात किलोमीटरवरून आलेला. यादीत नाव नाही. दोनदा शोधलं, पुरवणी यादी बघितली, नाही. तर त्यानं फोन काढला आणि मेसेज दाखवला, की यादीत नाव नसलं तरी आधार कार्ड दाखवा आणि कलम ४९ए खाली ‘चॅलेंज व्होट’ मागा, तुमच्या नावावर आधीच कुणी मत दिलं असेल तर ‘टेंडर व्होट’ मागा, आणि केंद्रावर १४ टक्क्यांच्या वर टेंडर व्होट झाले तर फेरमतदान होतं. तो मेसेज त्या निवडणुकीत देशभर फिरत होता, २०२४ ला परत फिरला, पुढच्या वेळी परत येईल.

त्यात खरं किती आणि खोटं किती ते बघा, कारण यातच सगळी गोम आहे. टेंडर व्होट म्हणजे प्रदत्त मत, ते खरंच असतं, तुमचं मत आधीच कुणी टाकून गेलं असेल तर केंद्राध्यक्ष तुम्हाला कागदी मतपत्रिका देतात. चॅलेंजही असतं, पण ते उलटं, पोलिंग एजंट दोन रुपये भरून समोरच्या माणसाच्या ओळखीवर आक्षेप घेतो, त्याला चॅलेंज म्हणतात. मतदाराला आधार दाखवून यादीबाहेर मत देता येईल असं कुठंच नाही, आणि १४ टक्क्यांचा नियम तर कुणीतरी बसून बनवलेला. दोन खरे शब्द घेतले आणि त्यात खोटं मिसळलं. केंद्राध्यक्षांनी त्याला समजावलं, तो ऐकेना, बाहेर जाऊन ओरडायला लागला की यांनी माझं मत खाल्लं, हे अमक्या पक्षाचे आहेत. पोलीस आला. रांगेतल्या दोन म्हाताऱ्या बायका गडबड बघून परत गेल्या, त्या संध्याकाळपर्यंत आल्या नाहीत, मी वाट बघत होते.

त्या ड्रायव्हरचं चुकलं असं मला आजही म्हणवत नाही. त्याचं नाव खरंच यादीतून गेलं होतं आणि ते का गेलं हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. यादीत नाव घालायला नमुना ६ भरायचा असतो, तो उमेदवारी अर्जाच्या शेवटच्या तारखेच्या साधारण दहा दिवस आधीपर्यंत भरता येतो, ही खरी माहिती त्याच्या फोनवर कधी आली नाही. खोटी वेळेवर आली.

आपल्या तालुक्याला तर हे कुणी शिकवायची गरज नाही. १ जुलै २०१८, धुळे जिल्ह्यातलं राईनपाडा. बाजाराचा दिवस. भिक्षा मागत फिरणारी नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसं, त्यातली बहुतेक आपल्या मंगळवेढा तालुक्यातली. पोरं पळवणारी टोळी आलीय हा मेसेज आधीच सगळीकडं फिरलेला होता. ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारलं त्यांना. त्या महिन्यातच व्हॉट्सअ‍ॅपनं भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करता येईल अशी मर्यादा आणली, आणि नंतर २०२० ला ते दोन बाणवाले मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतील असं केलं. म्हणजे तुमच्या फोनमधले ते दोन बाण कुठून आले हे विचाराल तर त्या रस्त्यावर आपल्या तालुक्यातली माणसं गेलेली आहेत. आणि तरीही आपल्याच गावात लोक ते बाण जावेत म्हणून मेसेज कॉपी करून नव्यानं चिकटवतात, व्हिडिओ सेव्ह करून परत टाकतात. बाण गेले की मेसेज शेजाऱ्यानं स्वतः लिहिल्यासारखा दिसतो.

दोन वर्षांनी, १६ एप्रिल २०२०, पालघर जिल्ह्यात गडचिंचले. लॉकडाऊन, रात्री चोर फिरतात, पोरं पळवतात अशा अफवा, आणि दोन साधू आणि त्यांचा ड्रायव्हर जमावानं मारले. इथं आणखी एक गोष्ट झाली. माणसं मेल्यानंतर दोनतीन दिवसांत त्याच व्हिडिओला हिंदू-मुस्लिम रंग देऊन फिरवलं गेलं, इतकं की गृहमंत्र्यांना अटक केलेल्या १०१ जणांची यादी जाहीर करून सांगावं लागलं की यात एकही मुस्लिम नाही. पहिल्या खोट्यानं जीव घेतले आणि दुसऱ्या खोट्यानं त्याच्यावर राजकारण झालं. ती यादी तुमच्यापैकी किती जणांच्या ग्रुपवर आली होती? माझ्या एकाही ग्रुपवर आली नाही. व्हिडिओ सगळ्या ग्रुपवर आला होता.

काही जण म्हणतील की बाई, हे सगळं एकाच बाजूचे लोक करतात. नाही. एप्रिल २०२४ ला अमित शहांच्या तेलंगणातल्या जुन्या भाषणाचा व्हिडिओ कापून फिरवला, ते मुस्लिम आरक्षण काढण्याबद्दल बोलत होते आणि व्हिडिओत एससी, एसटी, ओबीसींचं आरक्षणच काढणार असं ऐकू येत होतं. तेलंगणा काँग्रेसच्या अकाउंटवरूनही तो गेला, दिल्ली पोलिसांनी गुन्हा नोंदवला, अटक झाली. आणि त्याच वर्षी १९ नोव्हेंबरला, म्हणजे माझ्या ओट्यावर ती बाई बसली होती त्याच रात्री, सुप्रिया सुळे आणि नाना पटोलेंच्या आवाजातल्या म्हणून बिटकॉइनच्या पैशांच्या क्लिप भाजपच्या अकाउंटवरून शेअर झाल्या. दोघांनी नाकारलं, तक्रार केली, आणि फॅक्ट चेक करणाऱ्यांनी तपासून सांगितलं की यातल्या बऱ्याचशा एआयनं बनवलेल्या असाव्यात. पण प्रचार १८ तारखेलाच संध्याकाळी थांबलेला होता. सकाळी सात वाजता मतदान. या मधल्या वेळात खेड्यातल्या कुठल्या माणसाला फॅक्ट चेक वाचायला मिळणार होतं? त्याला दोन्ही वेळा ती क्लिप तेवढी मिळाली.

‘एवढ्या मेसेजनं काय निकाल बदलतो का’ असं मला डेअरीवर एकानं विचारलं. कट्टर माणसाचं मत मेसेजनं बदलत नाही हे मलाही पटतं. इतकी वर्षं केंद्रावर बसून माझं मत असं झालंय की हे मेसेज मत फिरवायला कमी आणि माणूस घरी बसवायला जास्त उपयोगी पडतात. जो डळमळीत आहे, ज्याला भीती आहे, ज्याला भांडणाचा कंटाळा आलाय, तो जात नाही. आणि फरक किती लागतो ते बघा. २०२४ च्या लोकसभेला मुंबई उत्तर-पश्चिममधे निकाल ४८ मतांनी लागला. विधानसभेला मालेगाव मध्य १६२ मतांनी, साकोली २०८ मतांनी. अठ्ठेचाळीस म्हणजे आमची एक गल्ली. दोनशेआठ म्हणजे बचत गटाच्या त्या एका ग्रुपमधल्या निम्म्याहून जास्त बायका.

त्या ४८ मतांच्याच निकालानंतर ईव्हीएम मोबाईलवरच्या ओटीपीनं उघडतं अशी बातमी आली होती आठवतं का. निवडणूक अधिकाऱ्यांनी सांगितलं मशीनला कुठलाही ओटीपी लागत नाही, आणि ज्या पेपरनं बातमी छापली त्यांनीही चूक मान्य करून माफी मागितली. माझ्या पेन्शनरांच्या ग्रुपवर, जिथं सगळे शिकलेले, सगळ्यांनी इलेक्शन ड्युटी केलेली, तिथं ती बातमी सहा वेळा आली. माफी एकदाही नाही, मीच टाकली, त्यावर एकानं मला विचारलं, बाई, तुम्ही कधीपासून त्यांच्याकडं गेलात?

शंका घेऊ नका असं मी मुळीच म्हणत नाही, हे नीट ऐका. आपल्याच जिल्ह्यात माळशिरस तालुक्यातल्या मारकडवाडीच्या लोकांनी डिसेंबर २०२४ ला गावात पडलेल्या मतांचा आकडा पटत नाही म्हणून स्वतः मतपत्रिकेवर मतदान घेऊन बघायचं ठरवलं होतं. प्रशासनानं जमावबंदी लावली, ते झालं नाही. त्यांचं बरोबर का चूक यावर मी माझं मत इथं देत नाही, पण गावानं उघडपणे, आपल्या नावानं, आपला प्रश्न विचारला, तो लोकांचा हक्क आहे. सकाळी एजंटांसमोर निदान पन्नास मतांचा मॉक पोल, म्हणजे चाचणी मतदान, होतो, शेवटी १७सी फॉर्मवर एकूण मतांचा आकडा लिहून एजंटांना देतात, प्रत्येक विधानसभा मतदारसंघातल्या पाच व्हीव्हीपॅटच्या, म्हणजे चिठ्ठी दाखवणाऱ्या मशीनच्या, चिठ्ठ्या मोजतात, या सगळ्याला धरून प्रश्न विचारा, कसून विचारा. पण त्याच आठवड्यात परदेशात बसलेला एक माणूस व्हिडिओत सांगत होता की मी फ्रिक्वेन्सीनं मशीन हॅक करतो, त्याच्यावर मुंबईच्या सायबर पोलिसांत गुन्हा दाखल झाला, ईव्हीएम कुठल्याच नेटवर्कला जोडलेलं नसतं. मारकडवाडीचा प्रश्न आणि हा व्हिडिओ तुमच्या ग्रुपवर एकाच दिवशी एकाखाली एक पडले आणि लोकांनी दोन्हींना एकच समजलं. ज्यांना व्हिडिओ खरा वाटला ते म्हणाले आता मत देऊन काय उपयोग, आणि ज्यांना खोटा वाटला त्यांनी मारकडवाडीच्या माणसांनाही खोट्यात काढलं.

आता दुसरं दुखणं, याच्याहून जास्त मनाला लागलेलं.

माझ्या एका जुन्या वर्गातली दोन पोरं, म्हणजे आता चाळिशीतली. एका बाकावर बसायची. मोठी झाल्यावर दोघांनी मिळून ज्वारीचं मळणी मशीन घेतलं, हप्ते फेडले, दहाबारा वर्षं सुगीत दोघं मिळून सगळ्या शिवारात मळणी करायचे. एकाचा पक्ष एक, दुसऱ्याचा दुसरा, हे पहिल्यापासून सगळ्या गावाला माहीत. स्टँडवरच्या हॉटेलात मोठमोठ्यानं भांडायचे आणि बिल जो हरला तो द्यायचा. २०२३ पासून आरक्षणाचा वाद पेटला आणि ग्रुपवर मेसेज सुरू झाले, त्यांच्या दुकानातून खत घेऊ नका, यांच्या टेम्पोत माल भरू नका, यादी करून ठेवा. कोण कुठल्या जातीचा हे आता मी लिहीत नाही. लोकसभेच्या निकालाच्या दिवशी एकानं ग्रुपवर हसायचे इमोजी टाकले, दुसऱ्यानं शिवी टाकली, पहिल्यानं त्याच्या वडिलांवर लिहिलं. वडील जाऊन तेव्हा आठ महिने झालेले. अ‍ॅडमिननं दोघांना काढलं, शांतता झाली म्हणून तीस जणांनी अंगठा दिला.

ते मशीन त्या वर्षी विकलं. जानेवारी-फेब्रुवारीत लोकांनी बाहेरगावचं मशीन आणून मळणी केली, तासाला जास्त पैसे देऊन. आणि त्यातला एक जण, जो आयुष्यात एकही मतदान चुकला नव्हता, ज्याला मीच अठरा वर्षं पूर्ण झाल्यावर फॉर्म भरून दिला होता, तो नोव्हेंबरला गेला नाही. मी विचारलं तर म्हणाला, बाई, कुणालाच नको, शाई दिसली की लोक विचारतात कुणाला दिलं.

अंधभक्त, चमचा, गद्दार, अर्बन नक्षल, विकलेला, हे शब्द ग्रुपवर इतके सहज पडतात की टाकणाऱ्याला ती शिवी आहे हेही वाटत नाही. पण जो गप्प वाचतोय, तीनशेतले अडीचशे गप्पच वाचत असतात, त्याला त्यातून एवढंच कळतं की आपण तोंड उघडलं तर हे आपल्यावर येणार. मग चुकीचं दिसलं तरी तो बोलत नाही. आणि कुणीच खोडत नाही म्हटल्यावर ते खोटं सगळ्यांना मान्य आहे असं दिसायला लागतं. शिव्यांचं आणि खोट्याचं हे असं साटंलोटं आहे.

निवडणूक आयोग काहीच करत नाही असं नाही. २०२४ ला आयोगानं अफवांची उत्तरं देणारं मिथ व्हर्सेस रिअ‍ॅलिटी रजिस्टर वेबसाईटवर काढलं, ६ मे २०२४ ला पक्षांना सांगितलं की खोटा मजकूर लक्षात आणून दिल्यावर तीन तासांत काढा. उमेदवाराच्या चारित्र्याबद्दल खोटं पसरवणं गुन्हा आहे, भारतीय न्याय संहितेचं कलम १७५, शिक्षा फक्त दंड. पण तुमचा ग्रुप आयोगाला दिसत नाही. कंपनीलाही आतला मेसेज दिसत नाही, तो पाठवणाऱ्या आणि घेणाऱ्याच्या मधे बंद असतो, आणि तो तसा बंद असणंच चांगलं आहे. सरकारनं खरं-खोटं ठरवावं असंही मला वाटत नाही, केंद्र सरकारबद्दलची माहिती खोटी की खरी हे केंद्र सरकारच्याच युनिटनं ठरवायचा नियम मुंबई हायकोर्टानं सप्टेंबर २०२४ ला रद्द केला तो मला पटला. मग बचत गटाच्या त्या बंद ग्रुपवर हात पोचतो कुणाचा? फक्त तुमचा.

कायद्यानं तुम्ही जबाबदार नाही, तेही सांगते म्हणजे घाबरून ग्रुप बंद करू नका. २०२१ ला हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठानं सांगितलं की सदस्यानं काही टाकलं म्हणून अ‍ॅडमिनवर गुन्हा होत नाही, त्याचा त्यात हात असल्याशिवाय, कारण त्याच्या हातात माणूस घेणं आणि काढणं एवढंच असतं. तेव्हा एवढंच होतं. २०२२ नंतर व्हॉट्सअ‍ॅपनं अ‍ॅडमिनला कुणाचाही मेसेज सगळ्यांसाठी डिलीट करायची सोय दिली. माझ्या चार ओळी त्याच सोयीनं गेल्या. मी वकील नाही, कायदा पुढं काय म्हणेल तो म्हणेल, पण हातात खोडरबर आलंय तर ते फक्त एकाच वहीवर फिरवू नका.

म्हणून माझं मागणं असं आहे. राजकारण बंद ठेवायचं असेल तर खुशाल ठेवा, पण मग दोन्ही काढा, तो मऊ आवाजही काढा आणि माझ्या ओळीही काढा, मी काही बोलणार नाही. आणि ठेवायचं असेल तर दुरुस्ती राहू द्या. खोटं जिथं पडलं तिथंच दुरुस्ती पडली पाहिजे, दुसऱ्या ग्रुपवर नाही, मला पर्सनलवर ‘बाई तुमचं बरोबर आहे’ म्हणूनही नाही, तसं मला त्या पोरानं नंतर लिहिलं होतं. वर पिन करायची सोय आहे, सात दिवस ठेवता येतं, सप्ताहाची पत्रिका पिन करता तशी ती पिन करा. मतदानाच्या आदल्या रात्री ग्रुप बंद करायची पद्धत तर सोडाच, किंवा बंद करायच्या आधी शेवटचे पन्नास मेसेज वर जाऊन बघा की काय राहतंय. ज्या अ‍ॅडमिनच्या खिशात पक्षाचं पद आहे त्यानं ग्रुप लॉक केला की त्या रात्री तो एकटाच बोलणारा उरतो, हे त्याला स्वतःलाही अवघड वाटलं पाहिजे. आणि कुणी शांतपणे विचारलं की हे कुठून आलं, तर त्याला काढू नका. वडिलांवर लिहिणाऱ्याला काढा, शेजाऱ्याचं दुकान बंद पाडायला सांगणाऱ्याला काढा, विचारणाऱ्याला नाही.

हे करताना तुम्हाला शिव्या बसतील. ज्याचा मेसेज काढाल तो म्हणेल तू पण त्यांचाच. मला माहितीय ते सोपं नाही, गावात रोज तोंड बघायचं असतं, सोसायटीत कर्ज त्याच्याच सहीनं मिळायचं असतं. म्हणून मी म्हणते एकट्यानं करू नका, एका ग्रुपला दोन-तीन अ‍ॅडमिन ठेवा, वेगवेगळ्या विचारांचे, आणि त्यात एक तरी बाई असू द्या जी फोन स्वतः वापरते, नवऱ्याच्या हातात देत नाही.

माझा नंबर तुमच्या सगळ्यांकडं आहे. यादी, मशीन, चिठ्ठी, शाई, अर्ज, याबद्दल काहीही आलं तर ग्रुपवर टाकण्याआधी मला पाठवा, मला येत असेल तर लगेच सांगीन, नसेल येत तर तहसीलमधल्या निवडणूक शाखेत विचारून सांगीन, तिथं अजून ओळखी आहेत. रात्री दहापर्यंत फोन उचलते.

आणि बचत गटाच्या ग्रुपवरचा तो आवाज अजून तिथंच आहे, कालच वर सरकवत जाऊन बघितला. माझ्या चार ओळी माझ्याकडं आहेत. तू सांग, परत टाकू का?

तुमच्या शाळेतल्या बाई